दुरुस्तीरावांचा नकार

दुरुस्तीरावांच्या तोंडात एकच शब्द उरला होता, आणि तो शब्द होता ‘बरोबर’.

नशिबाची थट्टा म्हणतात ती हीच. ज्या माणसानं उभ्या जन्मात दुसऱ्याचं काही बरोबर आहे असं कबूल केलं नाही, त्याच्या मेंदूत रक्ताची बारीकशी गुठळी अडकते काय, आणि सगळी भाषा पुसून टाकून नेमका हाच शब्द मागे ठेवते काय! पाणी हवं का? बरोबर. खांदा दुखतोय का? बरोबर. खिडकी लावू? बरोबर. उघडीच ठेवू? बरोबर. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं, की त्यांना कळतं सगळं, फक्त मनात एक असतं आणि तोंडातून दुसरं पडतं. असं पुष्कळांचं होतं, असंही ते म्हणाले. पण त्या पुष्कळांना कुणी दुरुस्तीराव म्हणत नसणार.

हे नाव छापखान्यातलं. रंगीत छपाईच्या मशीनवर त्यांची हयात गेली. छापून आलेला कागद उजेडाकडे धरायचा, डोळे बारीक करायचे आणि ‘तांबडा सरकलाय’ म्हणायचं, हे त्यांचं रोजचं काम. एकावर एक रंग चढवताना एखादा केसभर जरी हलला तरी चित्रातल्या माणसाला ओठांची दुसरी जोडी फुटते. ती इतर कुणाला दिसायच्या आधी यांना दिसे. इथवर ठीक होतं. पण माणूस घरी आला म्हणून डोळे काही कामावर ठेवून येत नाही. घड्याळ मागे आहे, पडदा एका बाजूनं खाली आलाय, पाहुण्यांनी सांगितलेल्या गोष्टीत साल चुकलंय. पाहुणे पुन्हा यायचे नाहीत. बायको कुठे जाणार?

बायकोला गल्लीत सगळे काकू म्हणत. काकू घरीच कपडे शिवत. शिवणात त्यांचा हात धरणारं जवळपास कुणी नव्हतं, पण तयार कपडा गिऱ्हाइकाकडे जायच्या आधी नवऱ्याच्या नजरेखालून जाई आणि त्यात एखादा टाका वाकडा निघेच. काकूंनी भांडून पाहिलं, रडून पाहिलं, शेवटी दुर्लक्ष करायला शिकल्या. घरात दुरुस्तीरावांवर विनोद करायची मात्र कुणाची छाती नव्हती.

आणि गंमत अशी, की हा माणूस विनोदच जमवत होता. तेही रशियन.

त्याची सुरुवात रद्दीतून झाली. मशीनची शाई पुसायला छापखान्यात रद्दीचे गठ्ठे येत. एका गठ्ठ्यात जुन्या सोव्हिएत व्यंगमासिकांची चळत निघाली. दुरुस्तीरावांनी पान फाडलं, शाईला लावणार तोच थांबले. पानावर एक इमारत होती. झेंडे, पताका, वाजंत्री, फीत कापायला आलेले साहेब. फक्त इमारतीला दार ठेवायचं राहून गेलेलं, आणि पाहुणे शिडी लावून खिडकीतून आत शिरताहेत. खाली काय लिहिलंय ते कळत नव्हतं, पण चुकीवर काढलेलं चित्र आहे हे कळलं. चुका शोधणाऱ्या माणसांचं एक अख्खं मासिक जगात निघत होतं! त्या दिवशी शाई पुसायला त्यांनी स्वतःचा रुमाल वापरला.

मग नादच लागला. रद्दीची दुकानं पालथी घातली, टपालानं मागवली, त्यांच्यासारख्याच दोन-चार वेड्यांशी अदलाबदल केली. लिपी शिकले, शब्दकोश आणला. एकेक विनोद दोन-दोन दिवस सोडवत आणि मग जेवताना ऐकवत. दोन दिवस उकलत बसलेल्या विनोदावर कोण हसणार? काकू आणि मुलगा ताटात बघत. एकदा मात्र दुरुस्तीराव म्हणाले, “यांना हसायची परवानगी होती बरं का. नळवाल्यावर हसा, दुकानदारावर हसा, दारुड्यावर हसा. फक्त वरच्या मजल्याकडे बघून हसायचं नाही.”

“म्हणजे आपल्या घरासारखंच,” काकू म्हणाल्या. मुलाला ठसका लागला. दुरुस्तीरावांनी त्याच्या पाठीवर थोपटलं आणि पाणी नीट प्यावं कसं ते सांगितलं.

मासिकांनी आतली खोली गिळली. उजेडाची, मोरीला लागून असलेली, घरातली सगळ्यात चांगली खोली. काकूंचं मशीन आलं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, फोडणीच्या धुरात. बऱ्याच मासिकांना मुखपृष्ठं नव्हती. रद्दीवाले ती आधीच फाडून विकत. मग साल कळायचं कसं? दुरुस्तीराव कागद बोटांत चोळून बघत, तांबडा उजेडात धरत आणि छातीठोक सांगत. त्यांच्या हिशेबानं आधीच्या वर्षांतला तांबडा विटेकडे झुकणारा, नंतरचा पिकल्या टोमॅटोसारखा, आणि मधल्या एका काळात तो सारखा उजवीकडे सरकलेला. या खुणांवर त्यांनी सगळी चळत क्रमानं लावली होती. काकूंनी त्यातलं एकही पान कधी उलटून पाहिलं नाही. सवत म्हणायचं नाही, कारण सवतीला निदान बोलता येतं.

आता खाट आतल्या खोलीत हलवायची होती. मोरी जवळ, उजेड, हवा. डॉक्टरांनी धुळीबद्दलही बजावलं होतं. मुलगा वेगळा राहायचा, रविवारी यायचा; मनानं चांगला, कामाचा उरक असलेला. त्यानं जुन्या वस्तूंचं दुकान चालवणारा एकजण गाठला. तो सगळा संग्रह उचलायला तयार होता.

“बाबा,” मुलगा खाटेजवळ बसून मोठ्यानं म्हणाला, “मासिकं देऊन टाकूया? तुम्हाला ही खोली होईल.”

“बरोबर,” दुरुस्तीराव म्हणाले.

मुलाचा जीव भांड्यात पडला. “बघ आई, मला वाटलं होतं त्रास देतील. किती समजूतदार झालेत!”

खरं सांगायचं तर काकूंना आनंद झाला होता. इतकी वर्षं मागितलेलं न भांडता पदरात पडत होतं, तेही नवऱ्याच्या तोंडच्या शब्दानं. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. संध्याकाळी त्या मऊ भात भरवत असताना मात्र त्यांना राहवलं नाही.

“अहो, मी तुमच्याशी वाईट वागले का?”

“बरोबर.”

“चांगली वागले?”

“बरोबर,” म्हणून त्यांनी पुढचा घास मागितला.

काकू हसल्या, आणि हसता हसता थबकल्या. या शब्दावर आपण याचं अख्खं आयुष्य घराबाहेर काढणार आहोत.

आठवड्यातून एकदा बोलायला शिकवणाऱ्या बाई यायच्या. तरुण, गोड बोलणाऱ्या. त्या रंगीत पत्ते दाखवत: सफरचंद, खुर्ची, बदक. “काका, हे काय? ब... ब...” दुरुस्तीराव भिंतीकडे तोंड करत. ज्यानं लाखो रंगीत पानं नजरेखालून घातली त्याला बदक! बाई जाताना काकूंना म्हणाल्या, “पत्त्यांना कंटाळलेत ते. काही माणसांचा अडकलेला शब्द रागात सुटतो. कशानं चिडतात ते?”

“कशानं चिडत नाहीत ते विचारा,” काकू म्हणाल्या.

दुकानदार यायच्या आधी मासिकं बांधून ठेवायला हवी होती. काकू खाली बसून गठ्ठे बांधू लागल्या. खाट अजून बाहेरच्या खोलीत असली तरी मधलं दार उघडं होतं, आणि दुरुस्तीराव उशीला टेकून बघत होते. काकूंनी एका चळतीतलं वरचं मासिक उचललं आणि जागा दिसली तिथे, दुसऱ्या चळतीवर टाकलं.

“बरोबर!”

काकूंनी मान वर केली. दुरुस्तीरावांचा चेहरा लालबुंद झाला होता, धड राहिलेला डावा हात खाटेच्या दांडीवर आपटत होता. “बरोबर! बरोबर!! बरोबर!!!”

काकूंनी मासिक उचलून मूळ चळतीवर ठेवलं. हात थांबला. पुन्हा दुसरीकडे नेलं. हात सुरू. सुंभ जळाला, पण पीळ होता तसाच होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो पीळ बघून काकूंना हायसं वाटलं. त्यांनी बांधलेली गाठ सोडली.

दुसऱ्या दिवसापासून हे रोज चालू झालं. दुपारी शिवण बाजूला सारून काकू एखादं मासिक घेऊन खाटेजवळ बसत आणि चुकत. “हे सुरुवातीचं दिसतंय,” त्या मुद्दाम म्हणत, आणि दुरुस्तीराव कानशिलं तापेपर्यंत ‘बरोबर’ ओरडत. पण वाटेल तसं चुकून भागत नव्हतं. एकदा त्यांनी उगाच काहीतरी साल ठोकून दिलं, तर दुरुस्तीरावांनी चिडायच्या ऐवजी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं आणि तोंडाच्या एका बाजूनं हसले. गाढव चूक होती ती. दुरुस्त करण्याच्याही लायकीची नव्हती.

म्हणजे चुकायलासुद्धा शिकणं आलं. काकू सकाळी लवकर आतल्या खोलीत जाऊन बसू लागल्या. कागद चोळून बघितला. कापडाची सवय असलेल्या बोटांना तो लवकर कळला. तांबडा उजेडात धरला. इतकी वर्षं दोऱ्याच्या रिळाचा रंग कापडाशी जुळवणाऱ्या डोळ्यांना विटेचा आणि टोमॅटोचा फरक कळायला कितीसा वेळ लागतो? हळूहळू त्यांना खरा क्रम दिसायला लागला, आणि मग त्या अगदी थोडक्यात, माणसाला चुटपुट लागेल एवढ्याच अंतरानं चुकू लागल्या.

हे करता करता चित्रंही दिसत गेली. एकदा एक सभा समोर आली. व्यासपीठावर साहेब, समोर माणसंच माणसं, आणि एकजात सगळ्यांचे हात वर. काकूंची नजर आधी बाह्यांवर गेली. मागच्या रांगेत एकजण गाढ झोपला होता आणि शेजाऱ्यानं त्याच्या कोटाच्या बाहीत झाडूचा दांडा खोचून हात वर उभा केला होता. काकू खुदकन हसल्या. मग त्यांचं हसू गेलं. आपण सगळ्यांनी मिळून या माणसाच्या बाहीत झाडूच खोचलाय, असं त्यांना वाटलं, आणि स्वतःची लाज वाटली.

तेच मासिक त्यांनी दुपारी खाटेपाशी नेलं. “हे शेवटच्या वर्षांतलं. टोमॅटोचा तांबडा,” त्या म्हणाल्या. तांबडा विटेचा होता, आणि सरकलेलाही.

दुरुस्तीरावांनी तोंड उघडलं. ओठ ‘ब’साठी जुळले, सुटले, पुन्हा जुळले. कपाळावर घाम आला.

“ना,” ते म्हणाले. “ना... ना...”

“टोमॅटोचाच आहे,” काकू हटून म्हणाल्या.

“नाही!”

काकूंनी आयुष्यात नवऱ्याच्या तोंडून हजारदा नाही ऐकलं होतं. त्यांनी मासिक बाजूला ठेवलं, दुरुस्तीरावांचा डावा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, “बरं बाबा, नाही तर नाही.”

पण तो शब्द अजून कच्चा होता. मासिकावर चुकलं तर यायचा, एरवी नाही. पाणी हवं का म्हटलं की पुन्हा ‘बरोबर’. मुलाचा फोन आला तेव्हा काकू म्हणाल्या, “दुकानदाराला थोडं थांबव.”

“आई, बाबांनी हो म्हटलंय. आणि तूच ना, तो उकिरडा कधी जाईल म्हणायचीस?”

“म्हणायचे.”

“मग आता काय झालं?”

“त्यांनी हो म्हटलेलं नाही. त्यांच्या तोंडातून ते पडलं. आपल्याला सोयीचं होतं म्हणून आपण उचललं.”

“पण खोली तर लागणारच आहे ना, आई?” मुलगा म्हणाला, आणि त्याचंही खोटं नव्हतं.

ठरलेल्या रविवारी दुकानदार आला. अदबीनं बोलणारा, नीटनेटका माणूस. मुखपृष्ठं काचेत बसवून विकायचा त्याचा विचार होता, आणि ते त्यानं लपवलं नाही. मुलानं बाबांना खुर्चीवर बसवून आतल्या खोलीत आणलं.

“बाबा, यांना द्यायची ना मासिकं?”

“बरोबर.”

“अहो, ठेवायची ना मासिकं?” काकूंनी विचारलं.

“बरोबर.”

दुकानदार एकाकडून दुसऱ्याकडे बघायला लागला. मुलानं कपाळाला हात लावला. “आई, असं किती वेळ चालणार?”

“जितका वेळ लागेल तितका,” काकू म्हणाल्या. “एकगठ्ठा विचारलं की त्यांची गाडी रुळावर येत नाही. एकेक विचारायचं.”

त्यांनी पहिलं मासिक उचलून दुरुस्तीरावांच्या मांडीवर ठेवलं. करकरीत होतं, मुखपृष्ठासकट. “हे द्यायचं?”

दुरुस्तीरावांनी ते डाव्या हातानं उजेडाकडे धरलं, डोळे बारीक केले. मग त्यांनी ते दुकानदाराच्या दिशेनं ढकललं. “बरोबर.”

हा शब्द या वेळी हातासकट आला होता. काकूंनी दुसरं ठेवलं, तिसरं ठेवलं. तीही गेली. एकापाठोपाठ एक, ज्यांच्यासाठी जिवाचं रान केलं होतं अशी अख्खी वर्षंच्या वर्षं दुरुस्तीराव शांतपणे हातावेगळी करत होते. दाराशिवायची इमारत गेली, तेव्हा काकूंनाच ती परत ओढून घ्यावीशी वाटली. आपण याला नाही म्हणायला शिकवलं, आणि हा ते म्हणतच नाही. म्हणजे मुलाचंच खरं होतं की काय? इतक्या दुपारी आपण कुणासाठी बसलो?

पुढचं मासिक अगदीच गेलेलं होतं. मुखपृष्ठ नाही, कोपऱ्याला पाण्याचा डाग. दुकानदारानं स्वतःच ते बाजूला सारायला हात पुढे केला.

“नाही,” दुरुस्तीराव म्हणाले, आणि मासिक मांडीवर दाबून धरलं.

मुलगा चमकून बघायला लागला. बाबांच्या तोंडून त्यानं हा शब्द आजारपणानंतर पहिल्यांदाच ऐकला होता. “बाबा, हे ठेवायचं? हे फाटकं?”

“नाही,” दुरुस्तीराव पुन्हा म्हणाले. पण हात असा घट्ट होता, की शब्दाची गरज नव्हती.

काम पुढे चाललं. चांगली मासिकं दुकानदाराकडे जात राहिली, मधूनच एखादं मांडीवर अडत होतं, आणि दुरुस्तीराव ते डाव्या हातानं आधीच्यांत कुठेतरी खुपसत होते. मुलगा आता खाली बसून स्वतःच एकेक पुढे करत होता आणि दर वेळी बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होता. दुकानदारही गुंतला. फडताळं रिकामी झाली तेव्हा मांडीवर एक लहानशी चळत उरली होती. दुकानदारानं ती परवानगी घेऊन चाळली आणि त्याला काही अर्थ लागेना.

“काका, रागावू नका,” तो म्हणाला, “पण दुर्मीळ होती ती सगळी तुम्ही मला दिलीत. यात ना एका सालाचं काही, ना एका चित्रकाराचं. एक सुरुवातीचं, एक पार शेवटचं. याला काही क्रमच नाही.”

“नाही,” दुरुस्तीराव म्हणाले आणि काकूंकडे बघितलं.

काकूंनी चळत हातात घेतली. सगळ्यात वर ते पाण्याचा डाग पडलेलं. पहिल्या दिवशी त्यांनी ते भलत्या चळतीवर टाकलं होतं. त्याखाली, ज्याच्यावर त्यांनी गाढव चूक केली आणि दुरुस्तीराव हसले ते. मग झाडूवालं. मग कालचं, ज्याचा जुना कागद त्यांनी जाणूनबुजून नवा सांगितला. एकही इकडचं तिकडचं नव्हतं. ज्या ज्या मासिकावर त्या चुकल्या होत्या तेवढी दुरुस्तीरावांनी ठेवली होती, आणि त्या ज्या क्रमानं चुकत गेल्या त्याच क्रमानं ती लावलेली होती.

“आई, काय झालं?” मुलानं विचारलं.

इतकी वर्षं काकूंनी या कागदांचा दुस्वास केला होता, आणि आता त्यांतल्या या मूठभर कागदांवर फक्त त्यांचाच हक्क होता. त्या खाली खुर्चीपाशी बसल्या, चळत छातीशी धरली आणि परक्या माणसासमोर हमसून हमसून रडल्या.